अल्माटीत पाच दिवस आणि समोर डोंगर: कुठे जायचं आणि कुठून मागे फिरायचं

प्रश्न थोडक्यात असा होता की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघं जण पाच दिवसांसाठी कझाखस्तानातल्या अल्माटीला येताय, दोघांनी सह्याद्री बऱ्यापैकी पालथा घातलाय, ताईंना ट्रेकचं वेड नाही पण फिरायला आवडतं, आणि बरोबर साठीचे बाबा आहेत ज्यांना बीपीची गोळी चालू आहे. गाईड लागतो का, बिग अल्माटी लेक आणि शिम्बुलाकचं स्की रिसॉर्ट एकाच दिवसात होईल का, शूज कोणते, आणि खाली एक ओळ, "आम्ही कळसूबाई तीनदा केलंय त्यामुळे चढायचं टेन्शन नाही."

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो, कारण नऊ वर्षांपूर्वी नाशिकहून इथे नोकरीला आलो तेव्हा मीही हेच म्हणत होतो.

कळसूबाई 1646 मीटर. आणि मेदेऊचं ते प्रसिद्ध आइस स्केटिंगचं मैदान, जिथे शहरातली 12 नंबरची बस तुम्हाला आणून सोडते, ते 1691 मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं त्याच्याही वर तुम्ही बसमधून उतरता, हातात कॉफीचा कप, आजूबाजूला बाबागाड्या घेऊन आलेली कुटुंबं, आणि ट्रेक अजून सुरूही झालेला नसतो. इथली सगळी गंमत आणि सगळा धोका याच एका गोष्टीत आहे. डोंगर इतका जवळ आहे की तो डोंगर वाटतच नाही, बागेत चक्कर मारायला निघाल्यासारखे लोक दहा-अकराला आरामात नाश्ता करून निघतात आणि चार वाजता तीन हजार मीटरवर गारठलेले असतात. अंतराकडे बघूच नका. दोनच आकडे बघायचे, उंची किती आणि घड्याळात किती वाजलेत.

घड्याळाचं जरा नीट सांगतो कारण हे जुन्या माहितीत चुकीचं सापडतं. 1 मार्च 2024 पासून अख्ख्या कझाखस्तानची वेळ एक झाली आणि अल्माटीचं घड्याळ एक तास मागे गेलं, आता इथली वेळ भारताच्या फक्त अर्धा तास मागे आहे. तुम्हाला जेट लॅग वगैरे काही नाही हे छान, पण त्याचा दुसरा अर्थ असा की सूर्य एक तास आधी मावळतो. तुम्ही येताय तेव्हा साधारण पावणेसहाला सूर्यास्त, आणि खोऱ्यात तर त्याच्या तास-दीड तास आधीच सावली येते, सावली आली की दहा मिनिटांत जॅकेट काढावं लागतं बॅगेतून. डिसेंबरात सव्वाचारलाच मावळतो. जुने ब्लॉग, व्हिडिओ बघून "संध्याकाळी सातपर्यंत उजेड असतो" असं डोक्यात ठेवून येऊ नका. पण सकाळी पावणेसहाला उजाडलेलं असतं, तेव्हा साडेसहाला निघायला काहीच त्रास नाही. आपल्याकडे रात्री दोनला कळसूबाई चढायला सुरुवात करणारी माणसं आपण, साडेसहा म्हणजे उशीरच की.

आता शहर समजून घ्या, म्हणजे रस्ता चुकणार नाही. डोंगर दक्षिणेला आहे, शहर त्याच्या पायथ्याशी उत्तरेकडे उतरत गेलंय, त्यामुळे इथे लोक उजवीकडे-डावीकडे कमी आणि वर-खाली जास्त बोलतात, "त्या चौकाच्या वर", "अबाय रस्त्याच्या खाली", वर म्हणजे डोंगराकडे. ही डोंगररांग म्हणजे इले अलाताऊ, रशियन लोक झाइलिस्की अलाताऊ म्हणतात, त्येन शानचा उत्तरेकडचा काठ. सगळ्यात उंच तालगार शिखर, पाच हजाराला थोडंसंच कमी. शहराच्या डोक्यावर दोन मुख्य खोरी येतात, छोट्या अल्माटी नदीचं आणि मोठ्या अल्माटी नदीचं. मेदेऊ, शिम्बुलाक छोट्या खोऱ्यात. बिग अल्माटी लेक मोठ्या खोऱ्यात. दोघांच्या मध्ये डोंगराची धार आहे, वरून गाडीरस्ता नाही, एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला परत शहरात उतरावं लागतं. नकाशावर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात म्हणून सगळे एका दिवसात कोंबतात, तुम्ही कोंबू नका. होतं, अगदीच होत नाही असं नाही, पण दोन्हीकडे फक्त फोटो काढून पळायचं असेल तरच.

आणखी एक गोष्ट जी मला समजायला दोन हिवाळे लागले. शहराकडून दिसणारा हा सगळा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे. ऊन कमी. म्हणून तर ते उंच, सुळक्यासारखे, देवदारासारखे दिसणारे स्प्रूस तिथे आहेत, आणि म्हणूनच बर्फही तिथेच टिकतो. शहरात एप्रिलमध्ये लोक टीशर्टवर फिरतात आणि वर 2500 मीटरला जंगलातल्या वाटेवर मेपर्यंत बर्फ घट्ट होऊन काचेसारखा झालेला असतो. नोव्हेंबर ते एप्रिल बुटाला लावायच्या काटेरी साखळ्या घेतल्याशिवाय मी मेदेऊच्या वर जातच नाही, शहरात भाड्याने मिळतात. तुम्हाला सप्टेंबरात लागणार नाहीत, पण 2500 च्या वर पहिला बर्फ सप्टेंबरच्या शेवटी पडू शकतो, रात्री पडतो आणि दुपारी वितळून चिखल होतो. तसं बघितलं तर तुम्ही वर्षातला सगळ्यात चांगला महिना निवडलाय. जून-जुलैची रोज दुपारची वादळं संपलेली असतात, गोचिडांचा सीझन संपलेला असतो (एप्रिल ते जून इथे गोचिडीतून मेंदूज्वराचा एक प्रकार पसरतो, त्या दिवसांत येणाऱ्यांनी फुल पॅन्ट मोज्यात खोचायची आणि घरी आल्यावर अंग तपासायचं), हवा स्वच्छ आणि खालच्या उतारावर रानसफरचंदं वाटेत पडलेली. हा भाग सफरचंदाचं माहेर आहे, जगभर आपण जी खातो ती इथल्या रानसफरचंदापासूनच आलीत, चवीला आंबट-तुरट पण एक तरी उचलून चावाच.

आता कुठे जायचं.

पहिला दिवस बाबांसाठी आणि सगळ्यांसाठी, मेदेऊ आणि शिम्बुलाक. 12 नंबरची बस दोस्तिक रस्त्यावरून, हॉटेल कझाखस्तानच्या समोरून निघते. हॉटेल कझाखस्तान म्हणजे डोक्यावर मुकुटासारखं काहीतरी असलेली उंच इमारत, चुकूच शकत नाही. बसचं ओनाय कार्ड घ्या, आणि फोनवर टूजीआयएस अ‍ॅप आधीच टाकून ठेवा, इथे गुगलपेक्षा तेच चालतं, बसचे नंबर, थांबे सगळं त्यात बरोबर असतं. मेदेऊला उतरलं की समोर जी भली मोठी भिंत दिसते ती धरणाची, पण त्यात पाणी नाही. बरेच जण विचारतात की पाणी नाही तर धरण कशाला. इथे "सेल" नावाचा प्रकार असतो, म्हणजे हिमनदीच्या तोंडाशी साठलेलं तळं फुटलं किंवा वर भयंकर पाऊस झाला की चिखल, दगड, झाडं सगळं एकत्र लोंढ्यानं खाली येतं. आपण माळीण बघितलंय, इर्शाळवाडी बघितलीय, डोंगर खाली येणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको, फक्त इथे तो नदीच्या पात्रातून कित्येक किलोमीटर धावत थेट शहरात येतो. 1921 मध्ये तसाच आला होता आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. मग 1966 आणि 1967 मध्ये मुद्दाम स्फोट करून डोंगराचे कडे पाडले आणि खोरं बुजवलं, तेच हे धरण. आणि बांधून काही वर्षं होत नाहीत तोच, जुलै 1973 मध्ये प्रचंड सेल आला आणि या भिंतीनं अडवला. नाहीतर खाली काय झालं असतं विचार करा. भिंतीवर जायला 842 पायऱ्या आहेत, इथली तरुण पोरं व्यायामाला पळत चढतात, तुम्ही दोघं चढून बघा, हवा विरळ म्हणजे काय याची पहिली चव तिथेच मिळते. बाबांना नका नेऊ, खाली बाकड्यावर चहा द्या.

शिम्बुलाकला जायला मेदेऊपासून गोंडोला म्हणजे केबल कार आहे, शिम्बुलाक 2260 मीटरवर. तिथून पुढे अजून दोन टप्पे, शेवटचा तालगार खिंडीपाशी, साधारण 3200 मीटर. आता इथे बाबांसाठी नीट वाचा. हॉटेल शहराच्या मध्यभागी असेल तर ते 800 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तास-दीड तासात, एक पाऊलही न चालता, माणूस 2400 मीटर वर जातो. शरीराला कळतच नाही काय चाललंय. 3200 ला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. तरुण माणसाचंही डोकं जड होतं, पायऱ्या चढताना धाप लागते, कोणाकोणाला मळमळतं. माझं सरळ मत, बाबांना शिम्बुलाकपर्यंत न्या, तिथे तासभर बसू द्या, चहा, सूप काहीतरी घेऊ द्या, त्यांना बरं वाटत असेल तर पुढच्या टप्प्याला, आणि तालगार खिंडीला गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं, हळू चालायचं, फोटो, परत. डोकं दुखायला लागलं की "जरा बसतो मग बरं वाटेल" हे चालत नाही, एकच औषध म्हणजे खाली उतरणं, आणि लिफ्ट तिथेच आहे तर उतरा. बीपीच्या गोळीबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांना विचारूनच या. आणि वर जायच्या आधी शेवटची लिफ्ट किती वाजता आहे ते काउंटरवर विचारा, वारा सुटला की वरचे टप्पे बंद करतात, मग खाली शिम्बुलाकपर्यंत घसाऱ्याच्या रस्त्यानं चालत यावं लागतं, एकदा पाहुण्यांबरोबर मी हे केलंय, एका काकूंच्या पायात सँडल होत्या, त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

त्याच दिवशी तुम्ही दोघं (आणि ताई पण, हे त्यांना आवडेल) शिम्बुलाकहून तुयुकसूच्या दिशेनं चालत जाऊ शकता. रुंद जीपचा रस्ता आहे, हरवायला वाव नाही, आधी तुयुकसूचं गेट म्हणतात तो भाग येतो, मग चढ वाढतो आणि मिन्झिल्कीचं पठार, साधारण 3000 मीटर. मिन्झिल्की म्हणजे हजार घोडे. तिथे पुन्हा एक सेल अडवायचा बांध आहे आणि त्याच्या वर हिमनद्यांचा खडकाळ भाग सुरू होतो. तुयुकसू हिमनदीचं मोजमाप 1957 पासून न चुकता चालू आहे, जगात इतक्या सलग नोंदी असलेल्या हिमनद्या फार थोड्या आहेत, आणि ती किती मागे सरकलीय हे बघायला शास्त्रज्ञ असायची गरज नाही, समोर नुसती दगडांची रास दिसते जिथे पूर्वी बर्फ होता. मिन्झिल्कीपर्यंत जाऊन यायला शिम्बुलाकहून चार-पाच तास धरा, आरामात. हा रस्ता मला फार आवडतो कारण कष्ट कमी आणि मिळतं खूप. गाईड अजिबात लागत नाही.

आता तुम्हा दोघांचा खरा ट्रेक. फुर्मानोव शिखर, 3050 मीटरच्या आसपास. मेदेऊजवळूनच वाट चढते, म्हणजे उंचीचा फरक साधारण 1350 मीटर, बारी गावातून कळसूबाई चढता त्याच्या दीडपट, आणि सगळीच चढाई अशा हवेत जिथे तुम्ही यापूर्वी कधी चढलेला नाहीत. चांगला दम असेल तर वर जायला चार तास, उतरायला तीन. मध्ये एक झोका बांधलेला आहे, तिथपर्यंत सगळी जनता येते, फोटो काढते आणि परत जाते, त्याच्या पुढे गर्दी संपते आणि धार सुरू होते. वाट आपल्यासारखी कातळाची नाही, माती, गवत आणि वर भुसभुशीत घसारा. आपल्याकडे रॉक पॅचची सवय असते, हाताला पकड लागते, इथे हाताला काही लागतच नाही, सगळं काम मांड्यांचं आणि उतरताना गुडघ्यांचं. काठ्या घ्या. मी सह्याद्रीत काठ्या वापरणाऱ्यांना हसायचो, आता दोन घेतो.

तुम्हाला एक प्रसंग सांगतो म्हणजे घड्याळाचं मी इतकं का सांगतोय ते कळेल. इथलं माझं तिसरं वर्ष, जून महिना, ऑफिसमधले दोघं आणि मी, फुर्मानोवला निघालो नऊ वाजता, म्हणजे उशिरा, पण आकाश इतकं निळं की विचारू नका. झोक्याच्या वर एक आजी खाली उतरताना भेटल्या, सत्तरीच्या तरी असतील, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट. इथे वाटेत भेटणारा प्रत्येक जण "ज़्द्रास्तव्वीचे" म्हणतो, तसं आम्हीही म्हणालो. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग वर आकाशाकडे, मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं, दोनदा, आणि म्हणाल्या, "उझे पोझ्दना." उशीर झालाय आता. साडेअकरा वाजले होते, ऊन मस्त पडलेलं. पिशवीतून कुरुतचे चार गोळे काढून आमच्या हातावर ठेवले आणि उतरून गेल्या. कुरुत म्हणजे सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे, दगडासारखे कडक, तोंडात धरून चघळायचे. आम्ही चघळत, हसत वर गेलो.

एक वाजता माथ्याच्या दोनशे मीटर खाली असताना धारेच्या मागून ढग डोकावला. हे लक्षात ठेवा, इथे खराब हवा बऱ्याचदा मुख्य रांगेच्या पलीकडून, किर्गिझस्तानच्या बाजूनं येते, आणि ती रांगच तुमच्या समोर भिंतीसारखी उभी असल्यामुळे ढग अगदी डोक्यावर येईपर्यंत दिसतच नाही. वीस मिनिटांत काळोख. मग साबुदाण्याएवढ्या गारा, आणि मग माझ्या हातातली काठी गुणगुणायला लागली. खोटं वाटेल पण खरंच, भांड्यात पाणी उकळायच्या आधी जसा बारीक आवाज येतो तसा, आणि दंडावरचे केस उभे. मला तेव्हा अर्थ कळला नाही, बरोबरचा इथलाच होता त्याला कळला, त्यानं काठी हिसकावून खाली फेकली आणि आम्हाला धारेवरून बाजूच्या उतारावर ढकललंच जवळजवळ. पाठीमागे कुठेतरी जवळच वीज पडली, आवाज आणि उजेड एकदमच. उतरताना सगळी माती साबणासारखी, मी तीनदा आपटलो, गुडघा महिनाभर धरला होता. माथा राहिला तो राहिलाच, त्यानंतर सप्टेंबरात गेलो तेव्हा झाला.

त्यानंतर माझा नियम असा, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या सगळ्यांना तो पाळावाच लागतो, की दुपारी एक वाजला की जिथे असू तिथून परत. माथा दहा मिनिटांवर असला तरी. उन्हाळ्यात बाराच. आणि ही वेळ पायथ्याशीच सगळ्यांसमोर ठरवायची, वर गेल्यावर नाही, कारण वर गेल्यावर माणूस स्वतःशीच वकिली करायला लागतो. काठ्या वाजायला लागल्या, केस उभे राहिले तर धार सोडायची, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, धातूचं सगळं लांब ठेवायचं. तुमच्या दिवसांत वादळाची शक्यता कमी, तुमचा शत्रू लवकर येणारा अंधार.

फुर्मानोव जड वाटत असेल तर कोक-झाइलाऊ. नावाचा अर्थ हिरवं उन्हाळी कुरण, दोन्ही खोऱ्यांच्या मधलं मोठं पठार, घोडे चरत असतात, मागे डोंगराची भिंत. वाट मोठ्या अल्माटी खोऱ्याच्या बाजूनं प्रोस्वेश्चेनेत्स नावाच्या ठिकाणाहून ओढ्याच्या काठानं, जंगलातून चढते, ताईसुद्धा सहज येतील. या पठारावर मोठं स्की रिसॉर्ट बांधायचं घाटत होतं, शहरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, आणि 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी तो विषय थांबवला. रविवारी तिथे गेलात तर का विरोध केला ते न सांगता कळतं, अख्खं शहर डबे घेऊन, पोरंबाळं, कुत्री घेऊन तिथे असतं. आपला सिंहगड आठवतो, फक्त पिठलं-भाकरी नाही. धंद्याची एक चांगली जागा वाया चाललीय असं मला दरवेळी वाटतं.

बिग अल्माटी लेक. सगळ्यांना याचेच फोटो बघून यायचं असतं, 2511 मीटर, निळा-हिरवा रंग, सप्टेंबरात पाणी भरलेलं असतं, म्हणजे वेळ उत्तम (एप्रिल-मेमध्ये येणारे निराश होतात, तेव्हा तळ दिसतो). पण तीन गोष्टी. एक, हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचं तळं आहे, काठावर उतरायला बंदी आहे, वरच्या रस्त्यावरूनच बघायचं, पाण्यात पाय घालून फोटोचा विचार सोडा. दोन, खासगी गाडी वरपर्यंत जात नाही, बॅरियर असतो, आणि रस्त्याचं काम, दरडी यामुळे कधी कुठपर्यंत सोडतात ते बदलत राहतं, त्या आठवड्यात हॉटेलवाल्याला किंवा टॅक्सीवाल्याला विचारूनच निघा. तिथून पुढे चालत. रस्त्यानं लांब पण सोपं, किंवा पाण्याच्या जाडजूड पाइपच्या कडेनं जवळचं पण दमवणारं, सरळ नाकासमोर चढ. जाऊन-येऊन सहा-सात तास धरा. बाबांना हे झेपणार नाही, तेव्हा त्यांना याचं आमिष दाखवू नका. तीन, पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स नाही, खरा. त्या बाजूला पुढे किर्गिझ सीमा आहे आणि तपासणी होते. "तळ्याच्या वर अजून थोडं जाऊन बघू" हा प्रकार करू नका, कोणी अडवलं तर पुढचा दिवस खुलासे देण्यात जातो.

डोंगराच्या बाहेर एक दिवस काढायचा तर चारीन कॅन्यन, साधारण दोनशे किलोमीटर, गाडीनं तीन-साडेतीन तास एका बाजूला. कड्यांमधून खाली नदीपर्यंत दोन-तीन किलोमीटरची चाल, बाबांना जमेल, टोपी आणि पाणी घ्या कारण सावली नाही. पायांना विश्रांती म्हणून हा दिवस फुर्मानोवच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. कोलसाई आणि काइंडी तळी मात्र एका दिवसात करू नका, सगळे एजंट विकतात, मध्यरात्री उचलतात आणि दुसऱ्या मध्यरात्री आणून टाकतात, गाडीत बारा तास बसून तळ्यापाशी तास-दीड तास. काइंडी सुंदर आहे यात वाद नाही, 1911 च्या भूकंपात दरड कोसळून दरी अडली आणि स्प्रूसचं जंगल उभ्याउभ्या पाण्यात गेलं, ती खोडं अजून पाण्यातून वर आलेली दिसतात, पण ते बघायला साती गावात एक रात्र राहा. पाच दिवसांत वेळ नसेल तर पुढच्या वेळी.

गाईडचं. वर जे सांगितलं त्यातल्या कशालाच सप्टेंबरात गाईड लागत नाही, ऑफलाइन नकाशा पुरे. पण बर्फ पडलेला असेल, किंवा 3500 च्या वर जायचं डोक्यात असेल, तर लागतोच, इथे पैसे वाचवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिमस्खलन होतं, तेव्हा तर ओळखीच्या वाटासुद्धा बंद असतात. मदतीचा नंबर 112. खोऱ्यात वळलं की फोनची रेंज जाते, त्यामुळे हॉटेलमध्ये कोणाला तरी सांगून निघा की कुठे जातोय आणि कधीपर्यंत येऊ. तुमच्या बाबतीत बाबा खाली असतील, त्यांना सांगा, ते तसेही दर तासाला फोन करणारच.

पैसे. इथे सगळं शहर कास्पी नावाच्या अ‍ॅपवर चालतं, पानाच्या टपरीएवढ्या दुकानातसुद्धा क्यूआर, पण पर्यटकाकडे ते नसतं. नॅशनल पार्कच्या चौकीवर थोडी फी असते, तिथे आणि वाटेतल्या चहावाल्याकडे रोख तेंगे लागतात, सुट्टे ठेवा. टॅक्सीला यांडेक्स अ‍ॅप. रविवारी संध्याकाळी मेदेऊवरून टॅक्सीचे दर आकाशाला भिडतात, बसच्या रांगेत उभे राहा, रांग पटपट सरकते.

कपडे-बूट. सह्याद्रीतले ट्रेकिंग शूज चालतील, सोल झिजलेला नसेल तर. कॉटनचा टीशर्ट नको, घामानं ओला झाला आणि वारा लागला की अंगात हुडहुडी भरते. हजार मीटरला सहा-सात डिग्री उतरते असा हिशोब धरा, शहरात 22 असेल तर फुर्मानोववर सात-आठ, त्यात वारा. एक फ्लीस, एक पातळ पण खरंच वॉटरप्रूफ जॅकेट, कानटोपी, हातमोजे, हेडटॉर्च. पावसाळी ट्रेकचा पोंचो आणू नका, धारेवर वारा आला की त्याचं पॅराशूट होतं. आणि थर्मास. इथला प्रत्येक माणूस थर्मास घेऊन चढतो, पहिल्या वर्षी मला ते ओझं वाटायचं.

खाणं, ताई शाकाहारी आहेत असं लिहिलंय. वाटेत काही मिळेल या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशी ग्रीन बाजारला जा, झिल्योनी बझार म्हणतात, तिथे जर्दाळू, अक्रोड, बेदाणे, तंदूरची गोल जाड रोटी, आणि तुमच्या दिवसांत अपोर्ट जातीची सफरचंदं, एक सफरचंद दोघांना पुरतं एवढी मोठी. समोसाचा इथला भाऊ साम्सा, बटाट्याचा किंवा लाल भोपळ्याचा मिळतो, पण विचारताना "बेझ म्यासा" म्हणजे मांसाशिवाय, असं दोनदा विचारा, आणि मांस म्हणजे यांच्या हिशोबात चिकन धरलेलं नसतं कधीकधी, तेव्हा तिसऱ्यांदा चिकनचंही विचारा. घरून मेतकूट, चटणी, थेपले आणा, त्या जाड रोटीला शेंगदाण्याची चटणी लावून मिन्झिल्कीवर बसून खाल्लीय मी, गरम चहाबरोबर.

भारतीय पासपोर्टवर चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तो प्रश्न नाही. तारखा पक्क्या झाल्या की कळवा, मध्ये रविवार येत असेल तर कोक-झाइलाऊला मी बरोबर येतो, साडेसहाला निघणार असाल तर. आणि बाबांच्या डॉक्टरांना विचारलं की ते काय म्हणाले तेवढं सांगा, त्यावरून शिम्बुलाकच्या दिवसाचं बघू.